रकान्यात न मावलेला संशोधक : जयंत नारळीकरांच्या संशोधनप्रभावाच्या मूल्यमापनाचा एक प्रकरण अभ्यास

2025 च्या पावसाळ्यात गोव्यातील एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या वर्गाला मी ‘संशोधन पद्धती’ या विषयातला एक गृहपाठ दिला. प्रत्येकाने एक खगोलशास्त्रज्ञ निवडायचा, त्याच्या संशोधनकारकिर्दीचा अभ्यास करायचा आणि तिचा विद्वत्जगतावरील प्रभाव एका पानाच्या तक्त्यात मांडायचा, असे त्याचे स्वरूप होते. तक्ता मीच आखला होता. शोधनिबंधांची संख्या, त्यांना मिळालेली सायटेशन्स (म्हणजे इतरांच्या निबंधांतले उल्लेख), एच-इंडेक्स (निबंध आणि त्यांचे उल्लेख यांवरून काढलेला एक आकडा), पीएच.डी. झालेले विद्यार्थी, पुरस्कार आणि ‘मुख्य सिद्धांताची आजची स्थिती’ असे सहा रकाने त्यात होते आणि शेवटी एकूण गुणांची चौकट होती. अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी आपण जे अर्ज भरतो, त्यांचीच ती थोडी सुधारलेली नक्कल होती, हे मला नंतर जाणवले.

सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने जयंत नारळीकरांची निवड केली. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते आणि गोव्यातल्या मराठी वाचकांच्या घरांत त्यांच्या विज्ञानकथांची आठवण ताजी होती. तिनेही शाळेच्या ग्रंथालयात त्या कथा वाचल्या होत्या. तिचा तक्ता नीटनेटका होता. पुरस्कारांच्या रकान्यात जागा पुरली नव्हती. मात्र शेवटच्या रकान्यात तिने ‘अमान्य’ असे लिहून शून्य गुण दिले होते आणि त्यामुळे एकूण बेरीज वर्गातल्या इतर अनेक नावांपेक्षा खाली आली होती. तक्ता हातात देताना ती म्हणाली, “मॅडम, तुमच्या नियमाप्रमाणे केलं आहे, पण मला हे बरोबर वाटत नाही.” या एका वाक्यावरून पुढे तीन तासिका जी चर्चा झाली, तिची ही नोंद आहे.

कारकिर्दीची रूपरेषा मराठी वाचकांना परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगते. 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात जन्म. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. तेथून पदवी आणि पुढे केंब्रिज. 1960 साली खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक, 1963 मध्ये फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी., 1965 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. 1972 साली ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. 1988 मध्ये पुण्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन केली, तेव्हापासून 2003 पर्यंत ते तिचे संस्थापक-संचालक होते.

आमची अडचण या रूपरेषेच्या मधल्या भागात होती. हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी 1948 साली मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्व प्रसरण पावते, परंतु ते कधी सुरू झाले नाही. प्रसरणामुळे पातळ होणारी जागा नव्याने निर्माण होणारे द्रव्य भरून काढते आणि म्हणून विश्व कोणत्याही काळी साधारण सारखेच दिसते. नारळीकरांनी विद्यार्थिदशेपासून या सिद्धांताला गणिती बैठक देण्याचे काम केले. द्रव्यनिर्मितीमुळे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडतो, या आक्षेपाला उत्तर म्हणून हॉइल आणि नारळीकर यांनी ऋण ऊर्जा असलेले एक क्षेत्र समीकरणांत आणले. 1964 साली त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा स्वतंत्र सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व तिच्या आतच असते असे न मानता विश्वातील इतर सर्व द्रव्याशी असलेल्या नात्यातून ते येते, ही भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांची जुनी कल्पना त्या सिद्धांतात गणिताच्या भाषेत उतरली होती. पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी सारखेच येणारे, सुमारे 3.5 केल्विन तापमानाचे सूक्ष्मतरंग प्रारण आढळले. महास्फोटानंतर उरलेली ऊब म्हणून त्याचा अर्थ सरळ लागत होता. स्थिर स्थिती सिद्धांताला त्याचा अर्थ लावण्यासाठी फार खटपट करावी लागत होती. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ त्यानंतर महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत.

पहिल्या तासिकेत आम्ही सायटेशनचा रकाना उघडला. विद्यार्थिनीने हॉइल–नारळीकर सिद्धांताचा उल्लेख करणाऱ्या निबंधांची यादी काढली होती आणि त्यातले काही निबंध प्रत्यक्ष वाचले होते. अशा गृहपाठात हे फार कमी जण करतात आणि म्हणून मी तिचे खास कौतुक करते. तिच्या यादीत स्टीफन हॉकिंग यांचा 1965 चा, रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातला निबंध होता. त्याचा शोध घेत ती हॉकिंग यांच्या 1966 सालच्या पीएच.डी. प्रबंधापर्यंत पोचली. केंब्रिज विद्यापीठाने ऑक्टोबर 2017 मध्ये तो सर्वांसाठी खुला केला तेव्हा वाचकांच्या गर्दीने संकेतस्थळ कोलमडले होते. त्या प्रबंधाचे पहिलेच प्रकरण हॉइल–नारळीकर सिद्धांतावर आहे: विश्व प्रसरण पावत असेल, तर या सिद्धांतानुसार कणाचे वस्तुमान ठरवणारी बेरीज अनंताकडे जाते, अशी गंभीर अडचण त्यात दाखवली आहे.

वर्ग काही क्षण शांत होता. सायटेशन मोजणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने हॉकिंग यांची ही टीका नारळीकरांच्या खात्यावर जमा होते. एखाद्या सिद्धांतावर उभारलेले काम आणि त्याचे खंडन करणारे काम यांचे वजन तिथे सारखेच असते. काणकोणहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने लगेच सुचवले की खंडनाचे उल्लेख वजा करावेत. मला ते पटले नाही. हॉकिंग यांच्यासारख्या माणसाला आपल्या संशोधनाची सुरुवात ज्या सिद्धांताचे बारकाईने खंडन करून करावीशी वाटली, तो सिद्धांत खंडन करता येईल इतका नेमका लिहिलेला होता. मोघम कल्पनेचे असे खंडन होत नाही, कारण तिच्यात बेरीज अनंताकडे जाते की नाही हे तपासण्याजोगी बेरीजच नसते. तरुण हॉकिंग यांना आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षतेचे गणित ज्या वादांतून हाताळावे लागले, त्यांत हा एक होता, आणि हा प्रभाव अधिक किंवा उणे अशा एका चिन्हाने दाखवता येत नाही.

उलट प्रकारची चूकही याच रकान्यात होते, हे गोमंतकीय वर्गाला समजावणे सोपे गेले. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी आपले, पेडणे-फोंड्यापासून काणकोणपर्यंत सर्वांना नावाने ठाऊक असलेले. जनुकशास्त्रात गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्यासाठी त्यांनी 1940 च्या दशकात दिलेले सूत्र आजही ‘कोसंबी फलन’ म्हणून पिकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत वापरले जाते, परंतु ते संगणकाच्या प्रोग्राममध्येच बसवलेले असल्यामुळे वापरणाऱ्याने मूळ निबंधाचा उल्लेख करावा असे क्वचितच घडते. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रक्रियेकडे फार पूर्वी लक्ष वेधले होते: कल्पना इतकी सर्वमान्य होते की तिच्या कर्त्याचे नाव गळून पडते. नारळीकरांच्या बाबतीत याची एक छटा दिसते. स्थिर स्थितीच्या विश्वाचे घातांकी प्रसरण आणि 1981 साली ॲलन गूथ यांनी मांडलेल्या, विश्वाच्या आरंभीच्या क्षणार्धातील फुगवट्याचे प्रसरण यांचे गणिती रूप जवळजवळ एकच आहे. दोन्हींमागचा हेतू वेगळा असल्यामुळे एकाला दुसऱ्याचे श्रेय देता येणार नाही; तरीही ऋण दाबाचे क्षेत्र विश्वाला असे प्रसरण देऊ शकते, हा विचार 1960 च्या दशकातच कागदावर होता, एवढे तरी मूल्यमापनात नोंदवायला हवे.

दुसरी तासिका ‘सिद्धांताची आजची स्थिती’ या रकान्यावर गेली आणि तीच सर्वांत कठीण ठरली.

1961 साली मार्टिन राइल यांनी केंब्रिजमध्येच रेडिओस्रोतांची, म्हणजे आकाशातल्या रेडिओलहरी सोडणाऱ्या वस्तूंची, मोजणी जाहीर केली. मंद, म्हणजे बहुधा दूरचे आणि म्हणून जुन्या काळातले, स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त संख्येने दिसत होते. विश्व सर्व काळी सारखेच असेल तर असे दिसायला नको, म्हणून राइल यांच्या मते स्थिर स्थिती सिद्धांत तिथेच संपला. हॉइल आणि त्यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी नारळीकर यांनी त्याच वर्षी निबंध लिहून दाखवले की विश्वातील द्रव्याची वाटणी मोठ्या पट्ट्यांवर असमान असेल, तर मोजणीतला हा कल स्थिर स्थितीतही मिळू शकतो. ते उत्तर सिद्धांत वाचवण्यासाठी दिलेले होते, हे खरेच आहे. पण त्यासाठी गृहीत धरलेली असमान वाटणी पुढे निरीक्षणांत खरोखर आढळली: दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांच्यामधल्या रित्या पोकळ्या आता प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात. वर्गाला मी सांगितले की 1948 ते 1965 या काळातली स्थिर स्थितीची बाजू हे विज्ञानातल्या उत्तम प्रतिपक्षाचे उदाहरण आहे. ती काय दिसले पाहिजे आणि काय दिसता कामा नये हे स्पष्ट सांगत होती, आणि त्यामुळे महास्फोटाच्या समर्थकांनाही आपले पुरावे घासूनपुसून आणावे लागले.

1990 नंतरच्या कामाबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते मी वर्गात लपवले नाही. त्या वर्षी कोबे उपग्रहाने त्याच सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचा वर्णपट कृष्णवस्तूच्या, म्हणजे केवळ तापमानावरून ठरणाऱ्या प्रारणाच्या, आदर्श वक्राशी अत्यंत काटेकोरपणे जुळतो हे दाखवले. 1993 मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी क्वासी-स्टेडी-स्टेट या नावाचा सुधारित सिद्धांत मांडला. त्यात विश्व दीर्घकाळात प्रसरण पावत असतानाच सुमारे 50 अब्ज वर्षांच्या फेऱ्यांत आकुंचन-प्रसरणही करते, द्रव्य लहान-लहान स्फोटांतून निर्माण होते आणि ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकल्यामुळे सूक्ष्मतरंग प्रारण तयार होते. हेच तंतू पुढे दूरच्या अधिनवताऱ्यांचा (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा) मंदपणा समजावण्यासाठीही वापरले गेले. एकाच गृहीतकावर इतकी ओझी पडू लागली की सिद्धांताची तपासणी करणे अवघड होत जाते, आणि प्रारणातल्या सूक्ष्म चढउतारांचा जो तपशील पुढील उपग्रहांनी दिला, तो महास्फोटाच्या चौकटीत मोजक्या मापदंडांनी बसला. या दोन कालखंडांना एकाच शून्याने मोजणे अन्यायाचे होते. पण दुसऱ्या कालखंडाकडे आदरापोटी डोळेझाक करणेही मला मान्य नाही.

इथे त्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मी जसाच्या तसा नोंदवते, कारण संपूर्ण प्रकरणात याहून नेमका प्रश्न कोणी विचारला नाही. 2008 च्या सुमारास नारळीकरांनी पुण्यात संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या मिळून 200 कुंडल्यांमधून प्रत्येक ज्योतिषाला 40 कुंडल्या देऊन त्या वेगळ्या ओळखायला सांगितल्या होत्या. उत्तरे पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांचे सरासरी यश 46 टक्के निघाले, म्हणजे नाणेफेकीइतकेच. “ज्योतिषांना त्यांनी जी कसोटी लावली, ती स्वतःच्या सिद्धांताला लावली का?” असे तिने विचारले.

याचे उत्तर आम्ही दोन भागांत शोधले. कसोटी त्यांनी सांगितली होती. या सिद्धांतानुसार विश्वाच्या मागच्या फेरीतले, म्हणजे महास्फोटाच्या हिशेबाने विश्वाचे जे वय येते त्याहून कितीतरी जुने, मंद तारे सापडायला हवेत आणि काही अतिमंद दीर्घिकांच्या वर्णपटात तांबड्याऐवजी निळ्या बाजूकडे सरकलेल्या रेषा दिसायला हव्यात. काय दिसले तर आपण बरोबर ठरू, हे असे नावानिशी सांगणे त्यांनी टाळले नाही. उत्तराचा दुसरा भाग हा की तसे तारे आणि तशा दीर्घिका सापडल्या नाहीत, आणि तरीही ते आपल्या मतापासून हटले नाहीत. ज्योतिषांच्या चाचणीत उत्तरे मोजायला एक ठरलेली तारीख होती. विश्वरचनाशास्त्रात ‘अजून पुरेशा मंद वस्तू पाहिल्या गेलेल्या नाहीत’ असे म्हणायला बराच काळ वाव राहतो. त्या वावाचा त्यांनी किती उपयोग करावा, याबद्दल वर्गात एकमत झाले नाही आणि मी ते घडवून आणण्याचा प्रयत्नही केला नाही.

तिसऱ्या तासिकेला आम्ही आयुकाकडे वळलो. तक्त्यात संस्थेसाठी रकानाच नव्हता; विद्यार्थिनीने तो समासात पेन्सिलीने काढला होता.

आयुकाचा विचार यश पाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना पुढे आला आणि नरेश दधीच व अजित केंभवी हे सुरुवातीपासून नारळीकरांचे सहकारी होते. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या या संस्थेची वास्तू चार्ल्स कोरिया यांची. पणजीत मांडवीच्या काठी कला अकादमीच्या पायऱ्यांवर बसलेल्या कोणालाही आयुकाच्या कुंडाभोवतीच्या पायऱ्यांवर आल्यावर ओळखीचे वाटते. मला तरी तसे वाटले होते. नव्वदच्या दशकात मी नवी अध्यापिका होते आणि मला लागणारी खगोलशास्त्राची नियतकालिके तेव्हा माझ्या हाताशी नव्हती. रात्रीच्या बसने पुण्याला जायचे, सकाळी थेट आयुकाच्या ग्रंथालयात शिरायचे आणि मिळालेल्या दिवसांत जमेल तितक्या छायाप्रती काढून परत यायचे, असे मी आणि माझ्यासारख्या दूरच्या महाविद्यालयांतल्या अनेकांनी केले आहे. संस्थेची असोसिएट योजना याच गरजेतून आली होती: विद्यापीठातल्या किंवा महाविद्यालयातल्या अध्यापकाने नोकरी न सोडता ठरावीक वर्षे तिथे येऊन-जाऊन संशोधन करावे, तिथली साधने वापरावीत आणि आपल्या गावी परतून विद्यार्थी तयार करावेत. अशा अध्यापकाने पुढे लिहिलेल्या निबंधात नारळीकरांचा उल्लेख असण्याचे काही कारण नसते. माझ्या स्वतःच्या दोन्ही निबंधांत तो नाही.

तरीसुद्धा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत वजनदार पुरावा याहून वेगळा आहे. आयुकाच्या संस्थापक-संचालकाचा महास्फोट सिद्धांतावर विश्वास नव्हता, हे जगजाहीर होते. अशा माणसाच्या हाती विश्वरचनाशास्त्राची देशातली प्रमुख संस्था आली, तर तिथे त्याच्याच मताची माणसे जमतील, अशी शंका येणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तिथे वरुण सहानी यांनी महास्फोटाच्या चौकटीत कृष्ण ऊर्जेवर, म्हणजे विश्वाचे प्रसरण वेगवान करणाऱ्या अज्ञात ऊर्जेवर, असे काम केले की त्या विषयाचा आढावा त्यांच्या नावावाचून पुरा होत नाही. तरुण सौरदीप यांनी ज्या सूक्ष्मतरंग प्रारणाने स्थिर स्थिती सिद्धांत मागे पडला त्याच प्रारणाच्या चढउतारांचे विश्लेषण केले. टाटा संस्थेत नारळीकरांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केलेले थानू पद्मनाभन यांनी महास्फोटानंतरच्या विश्वात दीर्घिका कशा घडल्या यावर आणि पुढे गुरुत्वाकर्षणाच्या मुळाशी काय असावे यावर स्वतःची वाट काढली. संजीव धुरंधर यांच्या गटाने गुरुत्वीय तरंगांचा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींवर वर्षानुवर्षे काम केले, आणि 2015 साली अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने तसे तरंग प्रत्यक्ष टिपले तेव्हा त्या क्षेत्रात भारतीय नावे आधीपासून होती. संचालकाच्या खोलीत एक सिद्धांत आणि शेजारच्या खोल्यांत त्याचा प्रतिवाद, हे दृश्य आपल्याकडच्या शैक्षणिक संस्थांत किती वेळा दिसते, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या अनुभवावरून करावा.

हे काम त्या-त्या संशोधकांचे आहे. ते नारळीकरांच्या नावावर चढवणे चुकीचे ठरेल. परंतु ज्यांचे म्हणणे आपल्याविरुद्ध जाऊ शकते अशा माणसांना निवडणे आणि मोकळे सोडणे, हा निर्णय संचालकाचा असतो. स्वतःच्या सिद्धांतावर शेवटपर्यंत ठाम राहिलेल्या माणसाने तो घेतला होता, म्हणून मला त्याचे मोल अधिक वाटते. आदल्या तासिकेतल्या प्रश्नाचे एक अप्रत्यक्ष उत्तरही यात आहे, असे काणकोणच्या त्या विद्यार्थ्याने सुचवले: स्वतःचे मत बदलणे त्यांना जमले नसेल, पण ते तपासून खोडून काढण्याची साधने त्यांनी इतरांच्या हाती दिली.

मराठीतल्या लेखनाचा रकाना करायचा की नाही, यावर अर्धा तास गेला. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे आपलीच आद्याक्षरे उलटी करून, पहिली विज्ञानकथा पाठवली होती, हे साऱ्यांना माहीत होते. माझे मत असे पडले की कथांचा विद्वत्प्रभावात थेट समावेश करू नये. त्यांचे मोल वेगळ्या तराजूत करावे. विद्यार्थिनीचे म्हणणे होते की त्या कथा नसत्या तर ती या वर्गात नसती. पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवरील सार्वजनिक दुर्बिणीतून शनीची कडी पाहून भौतिकशास्त्राकडे वळलेल्या आमच्या काही माजी विद्यार्थ्यांचे म्हणणेही याच प्रकारचे असते, त्यामुळे तिचा मुद्दा मी खोडून काढू शकले नाही.

तिन्ही तासिकांनंतर आम्ही तक्ता बदलला. एकूण गुणांची चौकट काढून टाकली. सायटेशनच्या रकान्याचे तीन भाग केले: सिद्धांतावर पुढे काम करणारे उल्लेख, त्याचे खंडन करणारे उल्लेख आणि नुसते नाव घेणारे उल्लेख; अट अशी की किमान वीस निबंध स्वतः उघडून पाहिल्याशिवाय तो भरू नये. सिद्धांताच्या स्थितीच्या जागी ‘कोणत्या काळी, कोणत्या पुराव्याने, आणि संशोधकाने त्याआधी काय सांगितले होते’ असे विचारले. शेवटी एक नवा प्रश्न घातला: या संशोधकाने उभारलेल्या संस्थेत किंवा साधनांवर त्याच्या मताविरुद्ध कोणते काम झाले?

हा शेवटचा प्रश्न लगेच अपुरा ठरला. खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तो कोरा सोडावा लागला. ऑलिन विल्सन यांच्यासह 1957 साली बाप्पूंनी थंड ताऱ्यांच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या के रेषेवरून ताऱ्याचे मूळ तेज ओळखण्याचा जो संबंध मांडला, तो टिकून आहे. त्याविरुद्ध उभे राहण्याजोगे त्यात कोणाला काही सापडले नाही. तमिळनाडूतल्या कावळूरची वेधशाळा मात्र त्यांनी उभी केली आणि 1977 मध्ये युरेनसभोवतीच्या कड्यांची चाहूल नोंदवणाऱ्या वेधशाळांत ती होती. म्हणून प्रश्नाचे शब्द पुन्हा बदलून ‘इतरांनी कोणते काम केले आणि त्यातले काय त्याच्या मताला धरून किंवा सोडून होते’ असे केले. नारळीकरांसाठी बेतलेला प्रश्न दुसऱ्या कारकिर्दीवर लादणे ही माझ्या पहिल्या तक्त्याचीच चूक नव्या रूपात झाली असती.

सत्तरीच्या विद्यार्थिनीने गृहपाठ पुन्हा लिहून दिला, तो एका पानाऐवजी चार पानांचा झाला. सिद्धांताच्या स्थितीबद्दल तिने 1961, 1965, 1990 आणि 1993 अशी चार वर्षे लिहून प्रत्येकापुढे पुरावा आणि नारळीकरांचे त्यावरचे उत्तर मांडले होते. निळ्या बाजूकडे सरकलेल्या दीर्घिकांच्या नोंदीपुढे तिने ‘सापडल्या नाहीत’ एवढेच लिहिले. ‘अमान्य’ हा शब्द तिने ठेवला होता. त्याच्यापुढचे शून्य खोडले होते.